परराष्ट्रमंत्र्यांचे संसदेतले उत्तर कसे वाचावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशांतील तुरुंगांत असलेल्या भारतीयांविषयी तुमच्या खासदारांनी लोकसभेत एक अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणारा, प्रश्न विचारला. त्याचे चार भाग होते: एकूण किती भारतीय तुरुंगांत आहेत, त्यांपैकी किती जणांना आपल्या दूतावासाचे अधिकारी भेटले, या भेटींना विलंब का होतो, आणि सरकारने त्यावर काय केले. उत्तर आले ते चारही भाग एकत्र करून. त्यात देशवार संख्या होती, ‘संबंधित देशांकडे हा विषय नियमितपणे मांडला जातो’ असे एक वाक्य होते आणि विलंबाच्या कारणांविषयी अवाक्षरही नव्हते. यावरून तुम्ही विचारता की परराष्ट्रमंत्री संसदेत सरळ उत्तर का देत नाहीत, आणि अशीच उत्तरे मिळणार असतील तर प्रश्न विचारण्याला अर्थ काय.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षे संसदीय प्रश्नांच्या उत्तरांचे मसुदे करण्यात गेली. त्यामुळे पुढच्या लिखाणात मसुदा लिहिणाऱ्याची बाजू थोडी जास्त येईल. तेवढी वजा करून वाचावे.

तुम्ही प्रश्न मंत्र्यांच्या प्रामाणिकपणाचा म्हणून मांडला आहे. मला तो श्रोत्यांचा वाटतो. खताच्या साठ्याविषयी कृषिमंत्र्यांनी दिलेले उत्तर सभागृह ऐकते, शेतकरी ऐकतात, व्यापारी ऐकतात. हे सगळे आपलेच लोक असतात. परराष्ट्रमंत्र्यांचे उत्तर मात्र त्याच दिवशी नवी दिल्लीतील परकीय दूतावासांत शब्दशः वाचले जाते आणि संध्याकाळपर्यंत त्याचा गोषवारा त्या त्या देशाच्या राजधानीत पोहोचतो. प्रश्न विचारणारे खासदार एक, पण उत्तर वाचणारे दोन, आणि त्यांतला दुसरा वाचक बहुधा पहिल्यापेक्षा जास्त बारकाईने वाचतो. ‘अमुक देश आमच्या अधिकाऱ्यांना कैद्यांपर्यंत वेळेवर पोहोचू देत नाही’ हे वाक्य खासदारांसाठी माहिती असते, तर त्या देशासाठी ती जाहीर तक्रार ठरते. अशी तक्रार कधी करायची हे सरकार स्वतः ठरवू पाहते; ते प्रश्नाच्या तारखेवर सोडायला कोणतेच सरकार तयार नसते. हे समर्थन म्हणून सांगत नाही. पुष्कळदा याच सबबीखाली साधी प्रशासकीय ढिलाईही झाकली जाते आणि बाहेरून वाचणाऱ्याला या दोहोंतला फरक लगेच कळत नाही. तो थोडाफार कसा ओळखावा, हे सांगण्यासाठीच हे उत्तर लिहीत आहे.

आधी नियम पाहू, कारण उत्तराचा बराचसा आकार प्रश्न दाखल होतानाच ठरतो. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा चालत नाही. नियम ४१ प्रमाणे त्यात युक्तिवाद, अनुमाने, उपरोध किंवा विशेषणे नसावीत. मत विचारू नये, काल्पनिक परिस्थितीवर उत्तर मागू नये. आणि मित्रराष्ट्राचा उल्लेख अनादराने करू नये. हा शेवटचा मुद्दा परराष्ट्र खात्याच्या बाबतीत फार कामाला येतो. ‘अमुक देशाच्या आडमुठेपणामुळे’ असे शब्द असलेला प्रश्न एक तर नाकारला जातो किंवा सचिवालयात कापून-छाटून इतका गुळगुळीत होतो की उत्तरही गुळगुळीतच येते. मग कोणते प्रश्न यादीवर येणार याची सोडत असते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर येतात. तारांकितांना तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात जेमतेम पाच-सहा प्रश्नच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखी होऊन सभागृहाच्या पटलावर जातात. तुमच्या खासदारांचा प्रश्न अतारांकित होता, म्हणजे उत्तर देणाऱ्याला कुणी ‘विलंबाचे काय?’ असे तिथल्या तिथे विचारूच शकत नव्हते.

आता हे उत्तर तयार कसे होते ते सांगतो, कारण तुमच्या चार भागांचे एक उत्तर का झाले याचे कारण तिथे सापडते. प्रश्न मंत्रालयात आला की संसदीय कामकाज पाहणारा विभाग तो संबंधित प्रादेशिक किंवा विषय-विभागाकडे पाठवतो. तिथला अवर सचिव मागची उत्तरे काढतो. हे वाक्य दोनदा वाचावे. तो सत्य शोधायला नंतर निघतो. आधी तो पाहतो की गेल्या अधिवेशनात, गेल्या वर्षी, तीन वर्षांपूर्वी याच विषयावर आपण काय म्हटले होते. शब्द बदलला तर धोरण बदलले असा अर्थ समोरचा देश काढेल, ही भीती त्याच्या हाडीमाशी खिळलेली असते. मग दूतावासांकडून आकडे मागवले जातात. काही येतात, काही स्मरणपत्रानंतर येतात. ज्या भागाची माहिती वेळेत येत नाही किंवा जिचा उल्लेख अडचणीचा वाटतो, तिथे मसुदा करणारा माणूस सगळे भाग एकत्र करून सलग परिच्छेद लिहितो. भाग सुटे ठेवले असते तर तिसऱ्या भागासमोरची रिकामी जागा उघडी पडली असती. एकत्र केल्यावर ती दिसत नाही. मी स्वतः हे असंख्य वेळा केले आहे. म्हणून एकत्र केलेले उत्तर दिसले की प्रश्नाचे भाग एका कागदावर उतरवून घ्यावेत आणि उत्तरातले प्रत्येक वाक्य कोणत्या भागाचे आहे ते त्यापुढे लिहावे. ज्या भागापुढे काहीच लिहिता येत नाही, तोच बहुधा प्रश्नाचा खरा गाभा असतो.

तारांकित प्रश्नाची तयारी याहून वेगळी असते. मूळ उत्तर पानभराचे असते, पण त्याबरोबरची पुरवणी टिपणे वीस-पंचवीस पानांची होतात. संभाव्य उपप्रश्न, त्यांची उत्तरे, कराराची तारीख, शेवटची भेट कधी झाली, कोणत्या सदस्याने पूर्वी या विषयावर काय विचारले होते, त्या सदस्याच्या मतदारसंघाशी या विषयाचा काय संबंध आहे, हे सगळे त्यात असते. सकाळी मंत्र्यांसमोर बैठक होते. जाणते मंत्री टिपणे वाचत बसत नाहीत. ते फक्त विचारतात, ‘यात मी काय बोलायचे नाही?’ पुढे सभागृहातल्या अधिकाऱ्यांसाठीच्या दीर्घेत बसून आम्ही उपप्रश्न ऐकायचो आणि टिपणात नसलेला आकडा विचारला गेला की चिठ्ठी पाठवायचो. ती चिठ्ठी जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत, एका ओळीची लिहायची असते, कारण मंत्री ती चष्मा न शोधता, बोलता बोलता वाचणार असतात. चिठ्ठीतल्या एका शून्याची चूक दुसऱ्या दिवशी निवेदन करून दुरुस्त करावी लागते. अध्यक्षांच्या निदेश ११५ प्रमाणे सदस्यही मंत्र्यांच्या विधानातली चूक दाखवून देऊ शकतात. या भीतीपोटी तोंडी उत्तरे लेखी उत्तरांपेक्षा सावध असतील असे वाटते, पण उलटेच घडते. समोर माणूस उभा असतो, सभागृह पाहत असते, आणि दोन-चार वाक्ये मोकळेपणाने सुटतात. मला विचाराल तर परराष्ट्र धोरणाची खरी माहिती पुरवणी प्रश्नांच्या उत्तरांत जास्त सापडते.

माझी एक चूक सांगतो. परदेशांतल्या भारतीयांविषयीचा एक आकडा मी गुरुवारी राज्यसभेच्या उत्तरात एक दिला आणि शुक्रवारी लोकसभेच्या उत्तरात दुसरा. दोन्ही खरे होते. एक महिनाअखेरचा होता, दुसरा त्यानंतरचा. पण मी एका उत्तरात ‘या तारखेपर्यंत’ हे शब्द लिहिले नव्हते. दोन्ही सभागृहांत वेगळी माहिती दिल्याचा आरोप झाला आणि खुलासा देता देता आठवडा गेला. तेव्हापासून मी कोणताही आकडा तारखेशिवाय वाचत नाही, आणि तुम्हीही वाचू नये.

काही ठरीव वाक्यांचे अर्थ सांगणे इथे उपयोगी पडेल. ‘सरकारने यासंबंधीची वृत्ते पाहिली आहेत’ याचा अर्थ दुजोराही नाही आणि इन्कारही नाही. माहिती आहे, पण तिची मालकी घ्यायची नाही. ‘भारताच्या सुरक्षिततेवर परिणाम करणाऱ्या सर्व घडामोडींवर सरकार सतत लक्ष ठेवून असते’ हे वाक्य वर्षानुवर्षे सरकारे बदलली तरी तसेच राहिले आहे; ते एकटे आले तर त्यात माहिती शून्य असते, पण त्याच्या आधी त्या ठिकाणचे किंवा प्रकल्पाचे नाव मान्य केलेले असेल तर तेवढे नाव मान्य करणे हीच माहिती असते. ‘विषय मांडला’, ‘ठामपणे मांडला’ आणि ‘सर्वोच्च पातळीवर मांडला’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मागच्या वर्षी दुसऱ्या पायरीवर असलेला विषय यंदा पहिल्या पायरीवर उतरला असेल तर संबंध सुधारत आहेत किंवा आपण तो विषय सोडून देत आहोत; दोहोंपैकी काय, हे त्या देशाशी चाललेल्या इतर व्यवहारांवरून ठरवावे लागते. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य मात्र लोकांना टोलवाटोलवी वाटते आणि मला ते सर्वांत मौल्यवान वाटते. ते आश्वासन धरले जाते. लोकसभेची सरकारी आश्वासनविषयक समिती १९५३ पासून अशा आश्वासनांचा पाठपुरावा करते आणि ते पुरे करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. मुदतवाढी मागितल्या जातात, हे खरे. पण ते कागद मरत नाहीत. म्हणूनच अनुभवी मसुदाकार हे वाक्य लिहिणे शक्य तितके टाळतो.

किती मोकळे बोलायचे हे परिस्थितीवर अवलंबून असते, आणि इथे सरसकट नियम सांगता येत नाही. वाटाघाटी चालू आहेत का, कुणाचा जीव टांगणीला लागला आहे का, समोरचा देश मित्र आहे की नाही, या तीन गोष्टींनी बहुतेक ठरते. दोन जुने प्रसंग यासाठी पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९५९ चा. तेव्हा पंतप्रधान नेहरू हेच परराष्ट्रमंत्री होते. अक्साई चीनमधून चीनने काढलेल्या रस्त्याविषयी आणि २५ ऑगस्टला ईशान्य सीमेवरच्या लोंगजू इथे झालेल्या चकमकीविषयी सदस्यांनी धारेवर धरल्यावर ऑगस्टअखेर त्यांना लोकसभेत माहिती द्यावी लागली, आणि सप्टेंबरमध्ये दोन्ही सरकारांमधला १९५४ पासूनचा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे आला. संसदेच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. रस्त्याची बातमी देशाला फार उशिरा कळली होती आणि प्रश्नांचा रेटा नसता तर ती आणखी उशिरा कळली असती. पण पुढच्या श्वेतपत्रिकांबरोबर असे झाले की प्रत्येक पत्र लिहिताना ते उद्या छापले जाणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. छापले जाणारे पत्र तडजोडीचे लिहिता येत नाही. आधी दडवले आणि मग सगळेच उघड केले, ही त्यातली खरी अडचण होती असे माझे मत आहे. वेळेवर थोडे थोडे सांगितले असते तर एवढे एकदम सांगावे लागले नसते.

दुसरा प्रसंग मोसुलचा. जून २०१४ मध्ये इराकमध्ये अपहरण झालेल्या भारतीय कामगारांपैकी ३९ जणांचा पत्ता नव्हता. निसटून आलेल्या एका कामगाराने बाकीचे मारले गेल्याचे सांगितले होते. संसदेत वारंवार विचारणा झाली आणि सुषमा स्वराज यांनी जुलै २०१७ मध्येही लोकसभेत हीच भूमिका घेतली की ठोस पुराव्याशिवाय कुणालाही मृत घोषित करणार नाही. टीकाकार म्हणाले की कुटुंबांना खोट्या आशेवर ठेवले गेले. अखेर डीएनए चाचण्यांनंतर २० मार्च २०१८ रोजी त्यांनी राज्यसभेत मृत्यूंची माहिती दिली. ३८ जणांची ओळख पटली होती आणि एकोणचाळिसाव्याचे नमुने अंशतः जुळले होते. त्याच दिवशी लोकसभेत गोंधळामुळे त्यांना निवेदन करता आले नाही. कुटुंबांनी ही बातमी दूरचित्रवाणीवर ऐकली आणि त्याचा त्यांना संताप आला. अधिवेशन चालू असताना महत्त्वाची गोष्ट आधी सभागृहाला सांगायची, हा संकेत मंत्र्यांनी पाळला होता. संकेत योग्य आहे असेच मी आयुष्यभर शिकलो आणि शिकवले. तरीही एखादा अधिकारी त्या सकाळी प्रत्येक दाराशी उभा करता आला नसता का, हा प्रश्न मला पडतोच.

मोसुलचे ते निवेदन होते, प्रश्नोत्तर नव्हते, आणि हा फरक समजून घेतला पाहिजे. लोकसभेत नियम ३७२ प्रमाणे मंत्र्यांच्या निवेदनावर त्या वेळी प्रश्न विचारता येत नाहीत. राज्यसभेत मात्र स्पष्टीकरणे मागण्याची प्रथा आहे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी विमानाने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांविषयी एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले तेव्हा सदस्यांनी त्यांना बेड्यांविषयी विचारले. त्यांनी २००९ पासूनचे वर्षवार आकडे सभागृहापुढे ठेवले: २००९ मध्ये ७३४, २०१९ मध्ये २०४२, २०२४ मध्ये १३६८. हातकड्यांची अमेरिकेची कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे, असेही सांगितले. आकडे खरे आणि उपयोगी होते. पण संताप ‘का’विषयी होता आणि उत्तर ‘किती’ आणि ‘केव्हापासून’ यांचे आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पेचात सापडलेल्या मंत्र्याला इतिहासाचा तक्ता फार आधार देतो.

आता तुमच्या विषयाकडे परत येतो. कैद्यांच्या बाबतीत मंत्रालयाची एक अडचण खरी आहे. अनेक देशांतल्या खासगीपणाच्या कायद्यांमुळे कैद्याने संमती दिल्याशिवाय तिथले अधिकारी त्याची माहिती आपल्याला देत नाहीत. म्हणून ‘एकूण संख्या’ हा आकडा कायम अपुरा असतो आणि त्यावर जोर दिला तर उत्तर तिथेच अडकते. पाकिस्तानच्या बाबतीत तर २००८ च्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. ते आकडे आधीच जाहीर असतात आणि त्यांसाठी प्रश्न खर्ची घालण्यात अर्थ नाही. विलंबाविषयी मात्र ठाम पाया आहे. वाणिज्यदूत संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परकीय नागरिकाने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवावे लागते. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी याच कलमाचा भंग झाल्याचा निकाल दिला. तुमच्या खासदारांचा प्रश्न या कलमाचे नाव घेत नव्हता, त्यामुळे ‘विलंब’ या शब्दाला मोजमापच नव्हते.

पुढच्या अधिवेशनात प्रश्न असा बांधता येईल. आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख द्यावी. एकच देश किंवा फार तर तीन देश घ्यावेत. गेल्या तीन वर्षांत किती अटकांची सूचना दूतावासाला मिळाली, त्यांपैकी किती सूचना अटकेनंतर तीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा मिळाल्या, आणि कलम ३६ चा हवाला देऊन किती वेळा लेखी निषेध नोंदवला, एवढेच विचारावे. ‘का’ विचारू नये. ‘का’चे उत्तर समोरच्या देशाविषयीचे मत असते आणि ते मिळणार नाही, पण तीस दिवसांचा आकडा मिळाला तर ‘का’ हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. आकड्याची चिकाटी काय करते हे नागरिकत्वाच्या प्रश्नांवरून दिसते. दर वर्षी तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला गेल्याने आज कुणालाही सांगता येते की नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या २०११ मध्ये १,२२,८१९ होती आणि २०२२ मध्ये २,२५,६२० झाली. त्यामागची कारणे त्या उत्तरांत ‘वैयक्तिक’ अशी एका शब्दात संपतात, पण मालिका हाती आली आहे आणि तिच्यावर अभ्यासकांना काम करता येते.

आणखी एक मार्ग आहे, तो लोकांना कमी ठाऊक असतो. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात आणि तिच्या बैठका बंद दाराआड होतात. तिथे परराष्ट्र सचिवांना बोलावून सभागृहात न विचारता येणारी गोष्ट विचारता येते, कारण दुसरा श्रोता त्या खोलीत नसतो. डोकलाममधल्या लष्करी पेचानंतर या समितीने भारत-चीन संबंधांवर २०१८ मध्ये सविस्तर अहवाल दिला होता. तुमच्या राज्यातले कोणी खासदार समितीवर आहेत का ते पाहावे आणि प्रश्नासोबत एक पानाचे निवेदन त्यांच्याकडेही द्यावे.

राहिला तारखांचा हिशोब. एका सदस्याच्या नावावर एका दिवसाच्या यादीत पाचच प्रश्न येऊ शकतात आणि त्यांत तारांकित एकच असतो, तेव्हा खासदारांच्या कार्यालयाशी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याबरोबर बोलावे लागते. मंत्रालयांना वार वाटून दिलेले असतात. परराष्ट्र खात्याचा वार अलीकडच्या वर्षांत लोकसभेत शुक्रवार आणि राज्यसभेत गुरुवार राहिला आहे, पण अधिवेशनाचे परिपत्रक पाहून तो पक्का करावा. त्या दिवसापासून १५ पूर्ण दिवस मागे मोजावेत आणि त्याच्या आठवडाभर आधी मजकूर त्यांच्या हाती द्यावा. शक्य असेल तर प्रश्न तारांकितासाठी द्यावा, आणि सोडतीत नाव आलेच तर दोन पुरवणी प्रश्न आधीच लिहून द्यावेत: पहिला त्या तीस दिवसांच्या आकड्याचा, दुसरा लेखी निषेधाच्या तारखांचा.